पावसाळ्यातली खोकल्याची ओपीडी : श्वास मोजण्यापासून पेशंट पाठवण्यापर्यंत

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळची ओपीडी सुरू झाली, की बाकावरचे निम्मे लोक खोकत असतात. त्यांच्या खोकल्यामागे नेमका कोणता जंतू आहे, हे लहान दवाखान्यात बहुधा कळत नाही आणि कळलं नाही म्हणून फारसं अडतही नाही. ठरवायच्या असतात त्या तीनच गोष्टी : याला आत्ता पुढे, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं का, अँटिबायोटिक द्यायचं का, की नुसती वाट पाहायची. स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधीच यातलं बरंचसं ठरतं, ते एका आकड्यावर. तो म्हणजे मिनिटाला किती श्वास. गंमत अशी, की केसपेपरवर नेमका हाच आकडा लिहिलेला नसतो. लिहिलेला असलाच तर सगळ्यांचा ‘२०’ असतो.

टेबलावर महागडं काही लागत नाही. सेकंदकाट्याचं घड्याळ, वजनकाटा, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, टॉर्च, पल्स ऑक्सिमीटर (लहान मुलांसाठी वेगळा प्रोब), श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी म्हणजे स्पेसर, एवढं पुरतं.

श्वास कसा मोजायचा

मूल आईच्या मांडीवर शांत बसलेलं असताना, त्याला हात लावण्याआधी मोजायचं. थर्मामीटर, घसा, कान हे सगळं नंतर. आईलाच अंगडं वर करायला सांगा आणि पोट व छाती जिथे मिळतात तिथे नजर ठेवा. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे नडते. लहान मुलाचा श्वास एका लयीत नसतो आणि एका श्वासाची चूक गुणाकारात चाराची होते. मूल रडत असेल तर आकडा धरू नका, पाजून शांत होऊ द्या. फणफणलेला ताप असेल तर पॅरासिटामॉल (किलोमागे १५ मिलिग्रॅम) देऊन अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजा. मात्र छाती आत ओढली जात असेल तर ताप उतरायची वाट पाहत बसू नका.

जलद श्वासाच्या मर्यादा अशा : २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त (पुन्हा मोजून खात्री करा), २ ते ११ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त. मोठ्या माणसाचा ३० झाला की प्रकरण गंभीर.

हे काम डॉक्टरच करू शकतो असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या सुईणींना श्वास मोजायला शिकवलं. अंक न येणाऱ्यांसाठी मिनिटभराची वाळू आणि सरकवायचे मणी असलेलं साधं साधन तिथे वापरलं गेलं. त्या प्रयोगातून न्युमोनियाने होणारे बालमृत्यू घटल्याचं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या दवाखान्यातल्या मावशी किंवा कंपाउंडर दोन दिवसांत हे शिकतात. केसपेपर आत येईल तेव्हा त्यावर वजन आणि श्वास लिहिलेला असावा, एवढी शिस्त लावली तरी अर्धं काम होतं.

मोजून झालं की छाती पाहा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत जातो का? नुसत्या फासळ्यांमधल्या फटी किंवा गळ्याखालची खळगी ओढली जाणं वेगळं. इथे बरगड्यांची खालची अख्खी किनार आत जायला हवी, आणि दर श्वासाला. घरचे लोक ‘पोट उडतंय’ म्हणतात ते बहुतेकदा हेच असतं. तो शब्द ऐकला की अंगडं काढून पाहिल्याशिवाय मूल घरी जाऊ देऊ नका.

ऑक्सिमीटर फसवतो तेव्हा

बोट गार असेल, नखाला गडद नेलपॉलिश असेल, हात हलत असेल, तर आकडा खोटा येतो. हात चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा. यंत्रावरची नाडी आणि तुमच्या हाताला लागणारी नाडी जुळत नसेल, तर ऑक्सिजनचा आकडाही विसरा. मोठ्यांची बोटाची क्लिप तान्ह्या बाळाच्या बोटाला लावून आलेला ८५ आणि ९९ दोन्ही सारखेच निरुपयोगी. त्यासाठी तळपायाला गुंडाळायचा प्रोब लागतो.

मुलाचं ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तर पाठवण्याबद्दल वाद नाही. मोठ्या माणसात, आधीपासून सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा जुना आजार) नसेल तर, ९२ च्या खाली घरी पाठवू नका. बसल्या जागी ९५-९६ दिसतंय पण जिना चढताना दम लागतो म्हणतो, त्याला दवाखान्याच्या ओट्यावर चालवून पुन्हा लावा. करोनाच्या काळात ही चाचणी घराघरांत पोहोचली, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. आकडा ३ किंवा अधिकने उतरला तर छातीत काहीतरी आहे.

स्टेथोस्कोप कपड्यावरून लावू नका, हे लिहावं लागतं याचीच खंत आहे. साडीच्या पदरावरून आलेली करकर आणि फुप्फुसातली करकर यांत फरक करणारा कान अजून जन्मायचा आहे. आधी एकदा खोकायला लावा, मग तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला सांगा आणि पाठीकडून, तळापासून सुरुवात करा. खोकल्यानंतरही एकाच जागी करकर राहिली तर ती खरी. बोटाने ठोकून पाहायलाही विसरू नका. एका बाजूचा तळ दगडासारखा ठस्स लागला आणि आवाज येत नसेल, तर तिथे पाणी आहे. आपल्याकडे तरुण माणसात एकाच बाजूला पाणी असेल तर मनात पहिला संशय क्षयाचा.

आत्ताच पाठवायचे ते

मुलांमध्ये : पाणी किंवा दूध पिऊ शकत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतं, झटका आला, मूल मलूल किंवा बेशुद्ध आहे, शांत असतानाही श्वास घेताना घशातून आवाज येतो, ऑक्सिजन ९० च्या खाली. आणि २ महिन्यांच्या आतलं बाळ जलद श्वास घेत असेल किंवा त्याची छाती ओढली जात असेल तर तेही थेट. त्या वयात घरी तोंडाने औषध देऊन पाहण्याचा प्रयोग नको.

मोठ्यांमध्ये चार प्रश्न विचारा. बरळतोय किंवा गोंधळलाय का? श्वास ३० किंवा जास्त? वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० किंवा त्याहून कमी? वय ६५ किंवा जास्त? प्रत्येकाला एक गुण. शून्य असेल तर घरी उपचार चालतील, एक-दोन असतील तर दाखल करण्याचा विचार, तीन-चार असतील तर गाडी बोलवा. या मोजपट्टीत एक खोट आहे. तिशीतल्या दणकट माणसाचं ऑक्सिजन ८८ असलं तरी त्याचे गुण शून्यच भरतात. म्हणून ऑक्सिमीटर नेहमी सोबत वाचायचा. उलट बाजूला, सत्तरीतल्या आजोबांना न्युमोनिया होऊनही ताप नसतो. ‘दोन दिवस जेवले नाहीत, काहीबाही बोलतात’ एवढीच तक्रार असते. मधुमेह असेल तर साखर अचानक वाढलेली दिसते.

पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नका. १०८ ला फोन करा, ऑक्सिजन असेल तर लावा (मोठ्यांत ९४ ते ९८ पर्यंत, सीओपीडीवाल्यात ८८ ते ९२ वर थांबा). गंभीर न्युमोनियाच्या मुलाला ॲम्पिसिलिन किलोमागे ५० मिलिग्रॅम आणि जेंटामायसिन ७.५ मिलिग्रॅम हा पहिला डोस मांडीत देऊन मगच निघू द्या. गिळू शकत असेल तर आईला अंगावर पाजत न्यायला सांगा, वाटेत साखर उतरते. चिठ्ठीवर श्वास, ऑक्सिजन, दिलेला डोस आणि वेळ हे चार आकडे हवेत.

शिट्टी वाजत असेल तर आधी पंप

जलद श्वास आणि छातीत शिट्टी दोन्ही असलेल्या मुलाला लगेच न्युमोनियाचा शिक्का मारू नका. स्पेसर लावून सालब्युटामॉलचे २ ते ४ दाब द्या. २० मिनिटांनी पुन्हा पाहा, आणि गरज पडली तर असं तीनदा करा. प्रत्येक दाबामध्ये चार-पाच श्वास जाऊ द्या, सगळे दाब एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटून बसतं. मग पुन्हा श्वास मोजा. आकडा खाली आला, छाती ओढली जाणं थांबलं, तर हा दमा किंवा विषाणूने आलेली घरघर आहे आणि अँटिबायोटिकची गरज नाही. वर्षातून चार वेळा ‘ब्राँकायटिस’ होणाऱ्या आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलाची फाइल उघडली, की बहुतेकदा आत दमाच सापडतो.

वर्षाच्या आतलं बाळ, आधी नाक वाहिलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरघर वाढली : हा ब्राँकिओलायटिस (विषाणूमुळे बारीक श्वासनळ्यांना आलेली सूज). त्यात पंपाचा, स्टेरॉइडचा, अँटिबायोटिकचा विशेष उपयोग होत नाही. नाकात सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं करा आणि थोडं थोडं, वरचेवर पाजा. नेहमीच्या निम्म्याहून कमी पीत असेल किंवा मध्येच श्वास थांबत असेल तर दाखल.

भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास घेताना घरघर म्हणजे क्रूप (स्वरयंत्राभोवतीची सूज). डेक्सामेथासोन किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, एकदाच, तोंडाने किंवा इंजेक्शनने. मूल शांत असतानाही आवाज येत असेल तर घशात चमचा घालून पाहायचा मोह आवरा. रडून सूज वाढते आणि वाट बंद होऊ शकते. आणि घशात करडा, चिकटलेला पडदा दिसला, मान सुजलेली असली, तर घटसर्प समजून लगेच पाठवा. पडदा खरवडू नका.

न्युमोनियाचं औषध : चूक बहुधा डोसात असते

जलद श्वास किंवा छाती ओढली जाते, पण धोक्याचं कोणतंही लक्षण नाही अशा २ महिने ते ५ वर्षांच्या मुलाला अमॉक्सिसिलिन, किलोमागे दिवसाला ८० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, ५ दिवस. प्रत्यक्षात लिहिलं जातं ते काय? १२५ च्या सिरपचा (५ मिलीत १२५ मिलिग्रॅम) एक चमचा तीन वेळा. १० किलोच्या मुलाला त्यातून ३७५ मिलिग्रॅम मिळतं आणि लागतं ८००. मग ‘अमॉक्सी लागू पडलं नाही’ म्हणून तिसऱ्या दिवशी सेफिक्झिम सुरू होतं. न्युमोकॉकसवर (न्युमोनियाचा नेहमीचा जंतू) तोंडावाटे देण्याच्या औषधांत पुरेशा डोसातलं अमॉक्सिसिलिन सेफिक्झिमपेक्षा सरस आहे, म्हणजे हा बदल चांगल्याकडून कमी चांगल्याकडे होतो.

सिरपने पूर्ण डोस द्यायचा तर १० किलोच्या मुलाला एका वेळी १६ मिली पाजावं लागतं. बाटल्या संपतात आणि आई कंटाळते. त्यापेक्षा २५० ची पाण्यात विरघळणारी गोळी सोपी. ४ ते १० किलो वजनाला १ गोळी, १० ते १४ किलोला २, १४ ते १९ किलोला ३, प्रत्येक वेळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात, दिवसातून दोनदा. पहिला डोस समोर पाजायला लावा. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्या.

मोठ्या माणसाला, दुसरा आजार नसेल तर, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम तीन वेळा, ५ दिवस. मधुमेह, हृदयविकार, जुना फुप्फुसाचा आजार असेल तर अमॉक्सिक्लॅव ६२५ तीन वेळा आणि जोडीला डॉक्सिसायक्लिन १०० दोन वेळा किंवा अझिथ्रोमायसिन ५०० तीन दिवस. अझिथ्रोमायसिन एकटं देऊ नका. आपल्याकडच्या न्युमोकॉकसमध्ये त्याला न जुमानण्याचं प्रमाण मोठं आहे. तीन गोळ्यांची पट्टी लोकांना आवडते, कारण ती लवकर संपते. जंतूला ती आवडण्याचं कारणही तेच.

४८ तासांनी परत बोलवा. ताप उतरू लागलाय का, श्वास कमी झालाय का, खाणं सुधारलंय का, या तीन गोष्टी बघा. खोकला तोवर जात नाही, त्यावरून औषध बदलू नका. सुधारणा नसेल तर आधी विचारा की औषध खरंच पोटात जातंय का. मग पाणी साठलंय का, क्षय आहे का, की निदानच चुकलं, या क्रमाने विचार करा.

अँटिबायोटिक नको तिथे

कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे जंतुसंसर्ग, हा समज पेशंटचा आहे तितकाच आपलाही. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूच्या सर्दीतही येतो. श्वास, नाडी, ऑक्सिजन ठीक आहे आणि छाती स्वच्छ आहे, तर हा साधा ब्राँकायटिस. खोकला दोन-तीन आठवडे चालणार, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. न सांगितलं तर सातव्या दिवशी पेशंट दुसऱ्या दवाखान्यात असतो.

घसादुखीत मोजणी करा : ३८ सेल्सियसच्या वर ताप, खोकला नसणं, गळ्याच्या पुढच्या दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर सूज किंवा पू. प्रत्येकी एक गुण. ३ ते १४ वर्षांना एक जास्त, ४५ च्या पुढे एक कमी. शून्य-एक असेल तर मिठाच्या कोमट गुळण्या आणि पॅरासिटामॉल. तीन-चार असेल तर अमॉक्सिसिलिन किलोमागे ५० मिलिग्रॅम (कमाल १ ग्रॅम) दिवसातून एकदा, पूर्ण १० दिवस. इथे मात्र दिवस कापू नका, आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा अजून खराब होतात. नवव्या दिवसापर्यंत औषध सुरू झालं तरी ते टळतं, त्यामुळे गुण मधले असतील तर दोन दिवस थांबून पाहायला हरकत नाही.

‘डॉक्टर, एक सुई मारा ना’ याला आपलं ठरलेलं उत्तर तयार असावं. त्या सुईत डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) असतं आणि रात्रीतून बरं वाटतं, हे खरंच आहे. म्हणूनच ते धोक्याचं : ताप झाकला जातो, साखर चढते, क्षय असेल तर फोफावतो.

मुलांच्या खोकल्याच्या सिरपबद्दल आता संदिग्धता उरलेली नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्यातली मुलं डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने दगावली, त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत आणि ५ वर्षांखाली ती सहसा टाळावीत. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण ४ वर्षांखाली न देण्याची सूचना तर त्याआधीच, २०२३ मध्ये आली होती. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा चमचा मध द्या. वर्षाच्या आत मध अजिबात नको.

पावसाळ्याचे सोबती

अचानक थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला : फ्लू. सौम्य असेल तर तपासणीही नको आणि गोळीही नको. गरोदर बाई, ६५ च्या पुढचे, ५ वर्षांखालची मुलं, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचे आजार असलेले यांना अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करा, शक्यतो ४८ तासांत : मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दोनदा, ५ दिवस. वर्षावरील मुलांना १५ किलोपर्यंत ३०, २३ पर्यंत ४५, ४० पर्यंत ६०. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो, त्यामुळे लस एप्रिल-मे मध्ये टोचलेली बरी.

कोकणात किंवा मुंबईत पुराच्या पाण्यातून चाललेला माणूस ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे आणि खोकला घेऊन आला, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) विसरू नका. त्यात थुंकीत रक्त दिसलं की फुप्फुसात रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. तो पेशंट तासांत बिघडतो.

दोन आठवड्यांचा खोकला

दोन आठवडे खोकला, दोन आठवडे ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त यांपैकी काहीही असलं की बेडक्याची तपासणी. दोन नमुने हवेत, एक लगेच आणि एक सकाळी उठल्यावरचा, प्रत्येकी किमान २ मिली. ‘थुंकी’ म्हटलं की लोक लाळ आणतात. ‘खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका’ असं सांगा, आधी तोंड पाण्याने खळखळवायला लावा. नमुना द्यायला उघड्यावर पाठवा, दवाखान्याच्या संडासात नको. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयाचा जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला प्रतिकार आहे का तेही कळतं. ट्रूनॅट तयार करणारी कंपनी गोव्यातली आहे.

तोपर्यंत लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन देऊ नका. ही क्षयावरचीच औषधं आहेत. एकटी दिली तर चार-आठ दिवस बरं वाटतं, निदान महिनाभर लांबतं आणि प्रतिकार तयार होतो. आपल्याकडच्या खोकल्यात क्विनोलोन (या दोन्हींचा गट) हे पहिलं औषध नसण्याचं कारण एवढंच. क्षय निघाला तर निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं खाजगी डॉक्टरलाही २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की पेशंटला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० मिळत). एचआयव्ही आणि साखर दोन्ही तपासा.

एक्स-रे बघताना एक लक्षात असू द्या : न्युमोनिया बरा झाला तरी सावली ४ ते ६ आठवडे राहते. दहाव्या दिवशी पुन्हा फोटो काढून ‘अजून डाग आहे’ म्हणत औषध वाढवू नका. पन्नाशीपुढचा तंबाखू-विडीवाला असेल तर मात्र सहा आठवड्यांनी फोटो काढाच, आणि सावली तिथेच असेल तर सीटी स्कॅनला पाठवा. डागाआड गाठ असू शकते.